गरम झाल्यावर सुटणारा गिअर

मळा, काष्टी
चैत्र

प्रिय रेश्मा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत आधी धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या सासूचा गुडघा आहे तसाच आहे. गाय व्यायली, कालवड झाली. कांदा काढून चाळीत भरला. कालवडीचं नाव अजून ठेवलेलं नाही, ते आपल्या नातीनं, संस्कृतीनं ठेवायचं असं तुझ्या सासूनं परस्पर ठरवून टाकलंय, तेव्हा तिला विचार. मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तू जाणतेस. पण शेवगावला तुझ्या भावाच्या फोनवर फोन लावला की तू "हो आबा", "बरं आबा" एवढंच म्हणतेस, आणि मग मलाही पुढं काही सुचत नाही. फोन ठेवून मी अंगणात येरझाऱ्या घालत बसतो. तुझी सासू म्हणते, "टेका की जरा. पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" लागली आहे खरी. हे पत्रही माझ्याच्यानं एका बैठकीत होणार नाही. मधेच कुठं धागा तुटल्यासारखा वाटला तर आबा उठून शेडकडं जाऊन आला असं समज.

शेडमध्ये लोडर आहे. तुला वाटलं असेल, तो कधीच भंगारात गेला. तू दसऱ्याच्या आधी माहेरी गेलीस तेव्हा तो ताडपत्रीखाली पडला होता, छत चेपलेला, एका कुशीचा रंग खरवडून निघालेला. भंगारवाला येऊन बघून गेला होता. भावकीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, ज्या मशीननं पोरगा खाल्ला ते दारात ठेवू नये. त्यांचं काही चुकत नव्हतं. ताडपत्री वाऱ्यानं फडफडली तरी तुझी सासू घरात दचकायची. तरीसुद्धा "ने बाबा" हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. का निघाला नाही हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता सांगता येतं, म्हणून लिहायला बसलोय.

तुला सगळं ठाऊक आहे, पण आपण घरात त्यावर कधी एक अक्षर बोललो नाही. म्हणून एकदा ओळीनं लिहितो. वाचवेना तर हा भाग सोडून दे. मागच्या वैशाखात आपला समर्थ पारनेरच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर होता. बांधाची उंची वाढवायची होती. खालून बकेटमध्ये मुरूम भरायचा, चढावरून वर न्यायचा आणि बांधावर टाकायचा. दुपार तापली होती. भरलेली बकेट घेऊन तो अर्ध्याच्या वर चढला आणि मशीन मागं आलं. मागं येता येता तिरकं झालं, कडेचा भराव खचला आणि ते कुशीवर पडलं. समर्थ खाली सापडला. मी पोचलो तेव्हा काहीच उरलं नव्हतं. त्याच्या पायातली एक चप्पल वर, चढावर राहिली होती, ती तेवढी मी उचलून आणली.

मग तपासणीला साहेब आले. भले गृहस्थ होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. उन्हाच्या आधी आटपावं म्हणून सकाळी आले. मशीन उभं करून ठेवलेलं होतंच. त्यांनी त्यात ऑइल भरायला लावलं, सगळं बघितलं, चालू करून सपाटीवर पुढं नेलं, मागं आणलं. गिअर व्यवस्थित पडत होते. त्यांनी लिहिलं की मशीनमध्ये दोष आढळला नाही, चालकाचं लक्ष विचलित झालं असावं. पारनेरहून काष्टीला येईपर्यंत त्या "असावं"चं "झालं होतं" होऊन गेलं. कुणी म्हणालं डोळा लागला असेल, कुणी म्हणालं ऊन लागलं असेल, कुणी आणखी काही. दहाव्याच्या दिवशी नदीवर माझ्या शेजारी बसून एक जण म्हणाला, "काकासाहेब, मशीनवर बसल्यावं ध्यान पाहिजे बघा." मी मान हलवली.

पण मला बसवत नव्हतं. तुझी पाठ फिरली आणि घर आणखीच मोठं झालं. सकाळी उसाला पाणी धरायचो आणि पाण्याचं दारं मोडायचं विसरून तिसऱ्याच वाफ्यात उभा राहायचो. काष्टीच्या बाजाराला जायचो आणि काही न घेता परत यायचो. डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, तिनं झोप आली पण सकाळी उठल्यावर जास्तच थकल्यासारखं व्हायचं, सोडून दिली. हातांना काहीतरी उघडायचं होतं, काहीतरी खोलायचं होतं. पंप खोलला, तो बिघडलेला नव्हता, पुन्हा बसवला.

थंडीत एकदा शेजारच्या रानात नांगरट चालली होती. मी बांधावर उभा होतो. ट्रॅक्टर वळला, नांगराचे फाळ जमिनीत घुसले आणि मातीत ओळीनं तास उमटले. तसेच तास मी पाहिले होते, त्या दिवशी, तलावाच्या चढावर. वरून खाली आलेले, एकमेकांना लागून, खोल. पोराला बाहेर काढायच्या घाईत ते नुसते डोळ्यांखालून गेले होते. ते बकेटच्या दातांचे ओरखडे होते, रेश्मा. मशीन हाताबाहेर जाऊन मागं घसरायला लागलं तर बकेट खाली टाकून दात जमिनीत रोवायचे, म्हणजे ते नांगरासारखं धरतं. हे मी त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. डोळा लागलेल्या माणसाला हे सुचत नाही. ज्याचं चित्त दुसरीकडं आहे त्याला सुचेपर्यंत मशीन खाली पोचलेलं असतं. ते तास तर पार वरून सुरू झाले होते. म्हणजे मशीन सुटल्या सुटल्या त्यानं बकेट टाकली होती. मग सुटलं कशानं?

दुसऱ्या दिवशी मी एसटी धरून नगरला गेलो. नाव बदलून अहिल्यानगर झालं तरी माझ्या तोंडात अजून नगरच येतं. सावेडीला नृसिंह सर राहतात. समर्थला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचं काम शिकवलं ते हेच. तुमच्या लग्नाला आले होते, पांढऱ्या सदऱ्यातले, बुटके, तू पाया पडलीस तर म्हणाले होते, "पाया नको, मला जिलबी आण." आता निवृत्त आहेत. त्यांचे वडील घरोघर पूजा सांगायचे आणि यांनी जन्मभर ग्रीसमध्ये हात घातले. मी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, तासांचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तपासलं तेव्हा मशीन थंड होतं की गरम?"

मी म्हणालो, "सकाळीच तपासलं की. थंड."

"आणि समर्थ चढत होता तेव्हा?"

तिथल्या तिथं मी उठून उभा राहिलो. सर म्हणाले, बसा, चहा घेऊन जा. त्या घरातून मी रस्त्यावर कसा आलो ते मला आठवत नाही.

सर मळ्यावर आले, पिशवीत दोन सदरे आणि एक डबा घेऊन. डब्यात दाब मोजायचं गेज होतं. तुझ्या सासूनं त्यांना समर्थची खोली झाडून दिली. मला वाटलं होतं, आले की गिअरबॉक्स खाली उतरवू, उघडू, आत काय तुटलंय ते बघू. मी पाने-पक्कड मांडूनच बसलो होतो. सर म्हणाले, "काकासाहेब, आज उघडलंत तर तुम्हाला फक्त तुटलेलं सापडेल. ते कधी दगा देतं, कसा देतं, ते कधीच कळणार नाही. आधी मशीनला बोलू द्या." मला त्यांचा राग आला. इतके महिने दम धरला तो कमी होता का? पण पाने ठेवून दिले.

तुला कळावं म्हणून सोपं करून लिहितो, कारण तुला ते कळायला हवं आहे. आपल्या लोडरला मोटारीसारखा पायानं दाबायचा क्लच नाही. दांडी पुढं केली की आतला पंप ऑइल ढकलतो, त्या ऑइलच्या दाबानं प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाचा जोर चाकांच्या जागी असलेल्या चेनपर्यंत जातो. पुढं जायच्या प्लेटा वेगळ्या, मागं जायच्या वेगळ्या. पंप मात्र दोन्हींना एकच. दाब गेला की प्लेटा सुटतात, आणि मग इंजिन कितीही ओरडलं तरी चेनला काही कळत नाही.

सरांनी आधी ऑइलची पातळी बघितली, बोटावर घेऊन वास घेतला. जळका वास नव्हता. फिल्टर कापून उन्हात धरला, कागदाच्या घडीत पितळेसारखी थोडी चमक होती. मला वाटलं, सापडलं, पण सर म्हणाले, एवढ्या वयाच्या मशीनमध्ये इतकं निघतंच, ह्यावरून काही ठरवू नका. तळातली जाळी धुतली, ती स्वच्छ. मग इंजिन चालू केलं. पडल्यावर तपासणीपुरतं चालू झालं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच. तो आवाज ऐकून तुझी सासू ओट्यावर आली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सर स्वतः सीटवर बसले. पुढं नेलं, मागं आणलं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. दांडी पडली की मशीन हलतंय, जराही उशीर नाही. एकदम ठणठणीत.

तिथं माझा धीर सुटला, पोरी. म्हणजे साहेबांनी लिहिलं ते खरंच? म्हणजे माझ्याच पोराचं ध्यान नव्हतं? मी सरांना काही न बोलता उसात शिरलो आणि पाटाच्या कडेला जाऊन बसलो. बसलो कसला, उसाची पाचटं ओरबाडत फिरत होतो. तिकडून लोडरचा आवाज येतच होता. सर थांबले नव्हते. पडीक तुकड्यातली माती ते या टोकाची त्या टोकाला नेत होते आणि पुन्हा आणत होते, नुसतं मशीन तापवायला. ऊन चढलं, कलायला लागलं. मग आवाज थांबला आणि सरांची हाक आली.

त्यांनी मला सीटवर बसवलं आणि दांडी मागं घ्यायला सांगितली. मशीन तत्काळ मागं आलं. मग पुढं. दांडी पुढं केली आणि मशीन तसंच उभं. एखाद्या म्हाताऱ्याला हाक मारावी आणि त्यानं जरा वेळानं मान वर करावी, तसं ते उशिरानं, कण्हत, पुढं सरकलं. पुन्हा मागं, लगेच. पुन्हा पुढं, उशीर. सर खालून ओरडून सांगत होते, "मागं ठीक म्हणजे पंप ठीक! पुढच्या वाटेवरच कुठंतरी ऑइल गळतंय!" सकाळी थंड ऑइल दाट असतं, फटीतून निसटत नाही. तापलं की पाण्यासारखं पातळ होतं आणि जिथं वाट मिळेल तिथून जातं. गेज लावलं. थंड असताना पुढचा आणि मागचा काटा एका जागी. तापल्यावर मागचा तिथंच, आणि पुढचा ताप उतरावा तसा हळूहळू खाली. सरांनी मला ते पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मग गेज पुसून डब्यात ठेवलं आणि म्हणाले, "आता उघडू."

मी म्हणालो, "अजून न्हाई. चढावर बघायचंय."

यावरून आमचं वाजलं. सर म्हणाले, काट्यानं सांगितलं ते पुरेसं आहे, आणखी जीव धोक्यात घालायचं कारण नाही. मी म्हणालो, तुम्हाला पुरलं असंल सर, मला न्हाई पुरत. पोरगा माझा हुता. एकदा उघडल्यावर ते मशीन पुन्हा तसं होणार नाही, आणि समर्थच्या हाती त्या वेळी काय होतं, काय करता येत होतं, हे मला कधीच कळणार नाही. सर ऐकेनात. शेवटी म्हणाले, मग मी सांगेन तसंच करायचं. चेपलेल्या छताच्या जागी जाड पाइपचं नवं छत जोडून घेतलं, कमरेला पट्टा बसवला. आपल्या शेततळ्याच्या भरावाला जो उतार आहे ना, ज्यावरून संस्कृती घसरत यायची, तो निवडला. उंची थोडकी, दोन्ही बाजूंना सपाट रान. पायथ्याशी मातीचा मोठा ढीग रचला, म्हणजे मशीन मागं आलं तर त्यात रुतून थांबेल. वर त्या तलावासारखाच सुटा मुरूम पसरला.

तुझ्या सासूला सांगायचं नव्हतं. पण ढीग रचलेला तिनं पाहिला होता आणि ती काही दूधखुळी नाही. मी सीटवर चढत होतो तेव्हा ती दुखऱ्या गुडघ्यानं भरावापर्यंत चालत आली. "एक गेला तेवढ्यानं मन भरलं न्हाई का तुमचं?" म्हणाली. म्हटलं, "मला बघू दे. त्याला काय दिसलं ते मला बघू दे." ती हलली नाही. लिंबाला हात टेकून उभी राहिली.

मशीन चांगलं तापलेलं होतं. बकेट भरली, दांडी पुढं टाकली, चढायला लागलो. काय होणार आहे हे मला माहीत होतं. दोन्ही पाय ब्रेकवर टेकवलेले होते, हात बकेटच्या दांडीवर होता, जिवाचे कान केले होते. अर्ध्यावर गेलो आणि इंजिनचा आवाज एकदम मोकळा झाला. खांद्यावरचं ओझं कुणी काढून घ्यावं तसा. त्या क्षणी मी ब्रेक मारले. चेन थांबल्या, खरंच थांबल्या, मी पाहिल्या. पण मशीन थांबलं नाही. थांबलेल्या चेनीसकट ते मुरमावरून घसरायला लागलं. मी बकेट आदळली. दात घुसले, खरखरले, मशीन तिरकं व्हायला लागलं, आणि माझ्या हातात आणखी करण्यासारखं काही राहिलं नाही. काही म्हणजे काही नाही. मग पाठीमागून मातीच्या ढिगाचा धक्का बसला आणि ते थांबलं.

सरांनी येऊन इंजिन बंद केलं. मी सीटवरच होतो. तुझी सासू आली आणि माझ्या पावलावर हात ठेवून उभी राहिली. मी मान वर करून चढाकडं बघितलं. समोर मुरमात वरून खाली आलेले तास होते, ओळीनं. तिकडं पाहिले होते तसेच.

त्यानंतर गिअरबॉक्स उघडला. ऑइल शाफ्टमधून पुढच्या प्लेटांकडं जातं त्या वाटेवर बांगडीसारखी एक रिंग असते, ऑइल बाजूला निसटू नये म्हणून. ती एका जागी तुटली होती, आणि जिथं ती बसते ती खाचही झिजून रुंद झाली होती. सरांनी ती फडक्यावर ठेवली. एवढीशी चीज. मी विचारलं, आधी कळलं नसतं का हो? सर म्हणाले, सपाटीच्या कामात नुसता उशीर होतो, तो जुन्या मशीनच्या खात्यावर जातो. पुरतं सुटायला तापलेलं ऑइल लागतं, भरलेली बकेट लागते आणि चढ लागतो, तिन्ही एकदम. त्या तलावापर्यंत ते तिन्ही कधी एकत्र आले नसावेत. त्यांनी तपासणीच्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते पुन्हा येऊन बघतो म्हणाले आहेत. ते काय लिहितील ते लिहोत. दहाव्याला माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना मात्र मी बोलावून शेडमध्ये उभं केलं आणि सगळं दाखवलं. बिचारे खाली बघत राहिले. मला वाटलं होतं तेवढं समाधान त्यात मिळालं नाही.

सर नगरला परत गेले. मला वाटलं होतं, कळलं की शांत वाटेल. एक दोन दिवस वाटलंही. मग पुन्हा तेच, अंगणातून शेड, शेडमधून अंगण. उत्तर हातात होतं आणि ते कुणाला द्यायचं तेच उमगत नव्हतं, असं काहीसं. एका दुपारी तुझी सासू कालवडीला कुरवाळत बसली होती, मी तिच्यासमोर उभा राहून दहाव्यांदा तेच सांगत होतो, की मी तयारीत होतो, मला सगळं माहीत होतं, तरी मला ते धरता आलं नाही. ती एकाएकी रडायला लागली. लई रडली. म्हणाली, "हे तुमी मला काय सांगताय? हे ज्येला सांगाया पायजे ती शेवगावात बसलीय."

रेश्मा, तिनं तुझा शब्द मोडला. तिच्यावर रागावू नकोस. माहेरी जायच्या दिवशी चुलीपुढं तू तिला जे सांगितलंस, आणि आबांना सांगू नका म्हणून गळ्याची शपथ घातलीस, ते तिनं इतके महिने एकटीनं पोटात ठेवलं. समर्थ गेला त्या दुपारी तू त्याला फोन केला होतास. शहरात खोली घेण्यावरून तुमचं बिनसलेलं होतं, तू चिडून बोललीस, त्यानंही आवाज चढवला, आणि तू मधेच फोन बंद केलास. आणि तेव्हापासून तू धरून बसलीयस की त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून त्याचं ध्यान उडालं, म्हणून तो गेला. म्हणून तू मोबाईल हातात घेत नाहीस, माझ्याशी दोन शब्दांवर बोलत नाहीस, वर्षश्राद्धाला येणार नाही असा भावाकरवी निरोप धाडलास. लोक "आणखी काही" म्हणायचे, घरात भांडण असेल म्हणून, ते मलाही ऐकू यायचं, पण ते तुला कुठं जाऊन लागतंय हे मला म्हाताऱ्याला कळलं नाही. आता नीट वाच. भरावावर चढलो त्या दिवशी माझ्या डोक्यात मशीनशिवाय काही नव्हतं. कुणाशी भांडण नव्हतं, फोन नव्हता, गिअर सुटणार हे आधीपासून ठाऊक होतं, आणि मी ते मशीन समर्थच्या जन्माआधीपासून चालवत आलोय. तरी मला ते थांबवता आलं नाही. मी वाचलो ते फक्त मागं ढीग होता म्हणून. तो तुझ्यावर चिडलेला असेल, नसेल, मला माहीत नाही. पण मशीन सुटलं त्या क्षणी त्यानं बकेट टाकली होती, त्याचं ध्यान जिथं पाहिजे तिथंच होतं. तू फोन केला नसतास तरी ती रिंग तुटलेलीच होती. ये म्हणून हे पत्र नाही. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर तिथं राहा, संस्कृतीला शहरातल्या शाळेत घालायचं असेल तर घाल, मी आणि तुझी सासू तुझ्या पाठीशी आहोत. एवढंच सांगायचं होतं की ते ओझं तुझं नाही, ते खाली ठेव. आणि फोन केलास म्हणून रडू नकोस, पोरी. तो दिवसभर उन्हात परक्या माणसांत होता. त्यानं शेवटी घरचं माणूस ऐकलं, भांडताना का होईना, आपलं माणूस ऐकलं.

तुझाच,
आबा